पिकांपासून ऊर्जा आणि हवामानबदल: महाराष्ट्रातील उसासंबंधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात पिकांपासून मिळणारी ऊर्जा म्हणजे प्रामुख्याने ऊस. बगॅसवर, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या चिपाडावर चालणारी साखर कारखान्यांची सहवीजनिर्मिती, मळीपासून किंवा थेट रसापासून तयार होणारे इथेनॉल आणि अलीकडे नेपियर गवतापासून बायोगॅस तयार करण्याचे प्रकल्प, या तिन्हींचा उल्लेख ‘हरित ऊर्जा’ असाच केला जातो. हे विशेषण कोठे शोभते आणि कोठे शोभत नाही, हे ठरवायचे असेल तर धुराड्याकडे पाहून भागत नाही. शेतात उतरावे लागते. पुढील उत्तरांत शक्य तेथे एक हेक्टर ‘सुरू’ उसाचा (हिवाळ्यात लावलेल्या व सुमारे वर्षभरात तोडणीला येणाऱ्या) हिशेब मांडला असून उत्पादन हेक्टरी १०० टन धरले आहे, जे राज्याच्या सरासरीपेक्षा थोडे जास्त आहे. हिशेब ढोबळ आहेत, परंतु प्रत्येक टप्प्याचे आकडे दिलेले असल्यामुळे वाचकाला स्वतःच्या शेताचे आकडे घालून ते पुन्हा करता येतील.

ऊस वाढताना हवेतला कार्बन घेतो आणि जळताना तोच परत सोडतो. मग या इंधनाचे उत्सर्जन शून्य का मानू नये?

कारण या वाक्यात फक्त वनस्पतीच्या अंगातल्या कार्बनचा हिशेब आहे. ऊस वाढवण्यासाठी घातलेला युरिया, पाणी उपसणारा पंप, नांगरट आणि वाहतूक यांसाठी जळालेले डिझेल, पाचट (उसाची वाळलेली पाने) पेटवल्यावर निघणारा धूर आणि ती जमीन उसाखाली नसती तर तिने काय केले असते, यांपैकी कशाचाही त्यात समावेश नाही.

देशांच्या उत्सर्जनाच्या अधिकृत नोंदींमध्ये जैवइंधन जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊर्जा क्षेत्राच्या रकान्यात शून्य लिहिला जातो, हे खरे आहे. तथापि ती हिशेब लिहिण्याची पद्धत आहे. हवेत काहीच गेले नाही असा तिचा अर्थ नाही. झाड किंवा पीक तोडले गेले याची नोंद जमीन-वापराच्या रकान्यात होते, म्हणून तोच कार्बन दोनदा मोजला जाऊ नये यासाठी ही व्यवस्था केलेली आहे. प्रत्यक्ष धुराड्यातून पाहिले तर एक गिगाज्यूल उष्णतेसाठी लाकडापासून सुमारे ११२ किलो, कोळशापासून सुमारे ९५ किलो आणि नैसर्गिक वायूपासून सुमारे ५६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे धुराड्यापाशी लाकूड कोळशापेक्षाही जड पडते.

उसाच्या बाबतीत ही उणीव लवकर भरून निघते, कारण आज तोडलेल्या उसाच्या जागी वर्षभरात खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस, उभा राहतो आणि गेलेला कार्बन परत धरला जातो. झाडाला त्यासाठी काही दशके लागतात. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातल्या ड्रॅक्स वीजकेंद्रात अमेरिकेतून आणलेल्या लाकडाच्या पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या गोळ्या, जाळल्या जातात. तेथे वर्षानुवर्षे चाललेला वाद मुख्यतः या दशकांच्या अंतराचाच आहे. ऊस आणि जंगलाचे लाकूड यांना ‘बायोमास’ या एकाच शब्दाखाली बसवून चर्चा केली की ती हमखास भरकटते.

एका हेक्टरच्या उसापासून किती इंधन मिळते आणि किती पेट्रोल वाचते?

संपूर्ण रस इथेनॉलकडे वळवला तर एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे १०० टनांपासून ७,००० लिटर. एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२. त्यामुळे ७,००० लिटर इथेनॉल ऊर्जेच्या मापाने साधारण ४,६०० लिटर पेट्रोलची जागा घेते. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबाने एका हेक्टरमागे वाचलेले उत्सर्जन सुमारे १०.५ टन भरते. कच्चे तेल काढणे आणि शुद्ध करणे यांचा वाटा धरला तर हा आकडा आणखी थोडा वाढतो.

ही जमेची बाजू झाली, आणि ती लहान नाही. जाहिरातीत किंवा भाषणात बहुधा एवढीच बाजू सांगितली जाते.

खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठी रक्कम कोणती?

बहुतेकांना वाटते की ट्रॅक्टर आणि ट्रक. प्रत्यक्षात नत्रयुक्त खत आणि पाणी या दोन गोष्टी निर्णायक ठरतात. पाण्यासाठी पुढे स्वतंत्र उत्तर दिले आहे. येथे खताचा हिशेब पाहू.

सुरू उसासाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची नत्राची शिफारस हेक्टरी २५० किलो आहे. शेतात अधिक काळ राहणाऱ्या पूर्वहंगामी उसाला ती ३४० किलो आणि सर्वांत जास्त काळ राहणाऱ्या आडसालीला ४०० किलोपर्यंत जाते. जमिनीत घातलेल्या नत्राचा काही अंश सूक्ष्मजीवांच्या क्रियेने नायट्रस ऑक्साइड या वायूत बदलून हवेत जातो. हा वायू शंभर वर्षांच्या मोजणीत वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापमानवाढ घडवतो. आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या ढोबळ दराप्रमाणे घातलेल्या नत्रापैकी १ टक्का नत्र या रूपात जाते असे धरले, तर २५० किलोमागे २.५ किलो नत्र, म्हणजेच सुमारे ३.९ किलो नायट्रस ऑक्साइड तयार होतो, आणि त्याचा परिणाम सुमारे १.१ टन कार्बन डायऑक्साइडइतका असतो.

परंतु १ टक्का हा दर फक्त शेतातून थेट निघणाऱ्या वायूचा आहे. निचऱ्याबरोबर ओढ्यात गेलेले आणि अमोनिया होऊन उडालेले नत्र पुढे कोठेतरी हाच मार्ग धरते. ओझोनवरील संशोधनासाठी १९९५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की संपूर्ण साखळी धरल्यास हे प्रमाण ३ ते ५ टक्के भरते. ४ टक्के धरले तर वरचा १.१ टनाचा आकडा ४.३ टनांवर जातो. या निष्कर्षावर पुढे बरीच चर्चा झाली. तरीही नायट्रस ऑक्साइडकडे दुर्लक्ष करून जैवइंधनाचा हिशेब मांडता येत नाही, ही गोष्ट त्यानंतर कोणी नाकारली नाही.

याशिवाय युरियाच्या रेणूतच कार्बन असतो आणि जमिनीत युरिया विरघळून फुटला की तो कार्बन डायऑक्साइड म्हणून निघून जातो. २५० किलो नत्रासाठी सुमारे ५४० किलो युरिया लागतो व त्यातून सुमारे ०.४ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. युरियाच्या कारखान्यात जळलेला नैसर्गिक वायू यात धरलेला नाही.

पाण्याचा हवामानाशी काय संबंध? तो तर टंचाईचा प्रश्न आहे.

दोन्ही प्रश्न एकाच विहिरीतून निघतात. पाटपाण्यावरच्या उसाला हंगामात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरले तर एका हेक्टरला २०,००० घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी होते. त्याला ७,००० लिटर इथेनॉलने भागल्यास एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी पडते. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यातही साखरेच्या मार्गाने होणाऱ्या इथेनॉलसाठी हाच आकडा आहे.

आता हे पाणी वर येते कसे, ते पाहू. पावसाचा वाटा वजा करून १५,००० घनमीटर पाणी पंपाने उचलावे लागते असे समजू. शंभर फूट उंचीवर ते चढवायचे असेल आणि पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के असेल, तर सुमारे ३,००० युनिट वीज लागते. देशातील एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास हे उत्सर्जन सुमारे २.१ टन होते. तेच पाणी तीनशे फुटांवरच्या बोअरमधून काढले तर वीज तिप्पट, आणि उत्सर्जन ६ टनांच्या पुढे.

यामुळेच ‘उसाचे इथेनॉल चांगले की वाईट’ या प्रश्नाला राज्यभर एकच उत्तर देता येत नाही. पंचगंगेच्या काठावर, नदीतून थोड्या उंचीवर पाणी चढवणाऱ्या उपसा योजनेवरचा ऊस आणि मराठवाड्यात खोल बोअरवर वाढवलेला ऊस यांच्यापासून निघणारे इथेनॉल प्रयोगशाळेत सारखेच दिसेल. हवामानाच्या दृष्टीने ती दोन वेगळी इंधने आहेत. दुसऱ्या प्रकारात खताचा वरचा अंदाज खरा मानला आणि पाचटही पेटवले, तर वाचलेल्या १०.५ टनांपैकी काहीही शिल्लक उरत नाही, उलट हिशेब उणे होतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, त्याच भागात ऊस उभा होता आणि कारखानेही होते, ही आठवण हा हिशेब वाचताना जवळ ठेवावी असे मला मनापासून वाटते.

पाचट जाळल्याने खरेच एवढे नुकसान होते का? ते तर ऊस तोडल्यावर सगळीकडे पेटवतात.

एका हेक्टरवर साधारण ८ ते १० टन पाचट राहते. ते पेटवल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड उसानेच हवेतून घेतलेला असतो, त्यामुळे तो बाजूला ठेवता येईल. परंतु अर्धवट ज्वलनातून मिथेन आणि थोडा नायट्रस ऑक्साइडही निघतो. आयपीसीसीच्या दरांनी मोजले तर ८ टन पाचट जळण्याचा परिणाम सुमारे पाऊण टन कार्बन डायऑक्साइडइतका येतो. काजळी आणि शेजारच्या वस्तीला होणारा त्रास यांची गणती त्यात नाही. शिवाय त्या पाचटातले नत्र जळून जाते आणि पुढच्या खोडव्याला तेवढा युरिया जास्त घालावा लागतो, म्हणजे वरच्या उत्तरातली रक्कम पुन्हा वाढते.

मळीपासूनचे इथेनॉल आणि रसापासूनचे इथेनॉल यांत हवामानाच्या दृष्टीने फरक आहे का?

आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. साखर काढून झाल्यावर उरलेली शेवटची मळी, जिला कारखान्यात सी-हेवी म्हणतात, ही साखरेसाठी लावलेल्या उसाची शिल्लक आहे. एक टन उसामागे तिच्यापासून सुमारे १० ते ११ लिटरच इथेनॉल मिळते, परंतु त्यासाठी एक गुंठाही जास्तीचा ऊस लावावा लागत नाही. म्हणून शेतातल्या खत-पाण्याचा मोठा भाग साखरेच्या खात्यावर टाकणे रास्त ठरते आणि इथेनॉलच्या खात्यावर थोडाच येतो. बी-हेवी मळीत काही साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते, म्हणून तिचा वाटा वाढतो. थेट रसापासूनच्या इथेनॉलला मात्र शेताचा संपूर्ण खर्च आपल्या अंगावर घ्यावा लागतो, कारण तेथे ऊस इंधनासाठीच गाळलेला असतो.

एक अपवाद नोंदवायला हवा. ज्या वर्षी साखरेचा साठा गरजेपेक्षा फार वाढलेला असतो, त्या वर्षी तोच ऊस रसाच्या रूपाने इथेनॉलकडे वळवणे समजण्यासारखे आहे. ऊस तर आधीच उभा असतो. राज्यात २०२१-२२ च्या हंगामात १३७ लाख टन साखर झाली, तेव्हा अशी परिस्थिती होती. अडचण पुढे येते. जास्तीचा माल खपवण्यासाठी काढलेली वाट पक्की झाली की तिच्या भरवशावर नवी लागण सुरू होते, आणि मग तो ऊस ‘जास्तीचा’ राहत नाही.

बगॅसपासूनच्या विजेबद्दल काय?

माझ्या मते संपूर्ण साखळीतला सर्वांत समर्थनीय भाग हाच आहे. एक टन ऊस गाळल्यावर सुमारे २८० किलो बगॅस निघते आणि त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. हे चिपाड कारखान्यात आलेलेच असते. ते जाळले नाही तर त्याचे ढीग साचतात व कुजतात. पूर्वी कारखाने कमी दाबाच्या बॉयलरमध्ये ते कसेबसे संपवत असत, कारण शिल्लक राहिलेले बगॅस ठेवायचे कोठे हा प्रश्न असे. ६७, ८७ किंवा ११० बार इतक्या जास्त दाबाच्या बॉयलरमध्ये तेच जाळले की कारखान्याची वाफेची आणि विजेची गरज भागून टनामागे ८० ते १०० युनिट वीज विकता येते. म्हणजे हेक्टरमागे सुमारे ८,००० ते १०,००० युनिट. कोळशावर भर असलेल्या आपल्या वीजजाळ्यात तेवढी वीज गेली की ५.६ ते ७ टन कार्बन डायऑक्साइड वाचतो.

दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी की हा आकडा आणि इथेनॉलचा १०.५ टनांचा आकडा यांची सरळ बेरीज करता येत नाही, कारण रस आसवनीकडे, म्हणजे इथेनॉल तयार करणाऱ्या विभागाकडे, गेला की ऊर्ध्वपातनासाठी त्याच बगॅसची वाफ खर्ची पडते आणि विकायला कमी वीज उरते. दुसरी अशी की गाळप हंगाम संपल्यावर यंत्रसामग्री चालू ठेवण्यासाठी कोळसा वापरला, तर त्या युनिटांना बगॅसची वीज म्हणता येणार नाही.

आसवनीतून होणारे उत्सर्जन कितपत गंभीर आहे?

आंबवण्याच्या क्रियेत एक लिटर इथेनॉलमागे सुमारे ०.७५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पण तो उसाचाच असतो. तो शुद्ध असल्यामुळे पकडून विकताही येतो. खरी काळजी सांडपाण्याची. ‘स्पेंट वॉश’ उघड्या तळ्यात साचून राहिला तर त्यातून मिथेन सुटतो. बंद टाकीत त्याचा बायोगॅस केला किंवा तो आटवून बॉयलरमध्ये जाळला, तर तेच सांडपाणी इंधन बनते. कागदावर ही व्यवस्था जवळपास सर्वत्र असते. ती रोज चालते की नाही, यावर सगळे अवलंबून आहे.

जमिनीचा प्रश्न नेमका काय आहे? महाराष्ट्रात कोणी जंगल तोडून ऊस लावत नाही.

बरोबर आहे, येथे जंगल क्वचितच तुटते. पण जेथे ऊस आला तेथून तूर, सोयाबीन, भुईमूग किंवा ज्वारी गेली. भारत तूर मोझांबिक, टांझानिया आणि म्यानमारमधून आणतो. खाद्यतेलाची तूट मोठ्या प्रमाणावर इंडोनेशिया आणि मलेशियाच्या पामतेलाने भरून काढतो. त्यामुळे आपल्या शिवारात तेलबियांखालचे क्षेत्र घटले की दूरच्या देशात नवी जमीन नांगराखाली येण्याची शक्यता वाढते. यालाच अप्रत्यक्ष जमीन-बदल म्हणतात.

या परिणामाची मोजणी कठीण आहे आणि तिच्यावर मतभेदही तीव्र आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडले की मक्याच्या इथेनॉलमुळे जगभर जमिनीचा वापर बदलून जे उत्सर्जन होते, त्याची फेड व्हायला १६७ वर्षे लागतील. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासानुसार इंडोनेशियातील पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या दलदलीच्या) जमिनीवरचे वर्षावन साफ करून लावलेल्या पामच्या डिझेलला ४२३ वर्षे लागतात. मक्याबाबतचे नंतरचे अनेक अंदाज पुष्कळ कमी आहेत. तरीही २०२२ मध्ये अमेरिकेतील प्रत्यक्ष पीकक्षेत्राच्या नोंदी तपासून केलेल्या अभ्यासात मक्याचे इथेनॉल पेट्रोलपेक्षा किमान २४ टक्के अधिक उत्सर्जनकारी असू शकते असा निष्कर्ष निघाला.

भारतालाही याचा अनुभव थोड्याच काळात आला. २०२३-२४ मध्ये उसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आल्यानंतर इथेनॉलसाठी मक्याची मागणी एकदम वाढली, आणि एरवी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये तो आयात करू लागला. कुक्कुटपालन करणाऱ्यांनी खाद्याच्या दरासंबंधी केलेल्या तक्रारी याच साखळीच्या आहेत.

ब्राझीलमध्ये तर दशकानुदशके उसाच्या इथेनॉलवर गाड्या चालतात. मग आपल्याकडे शंका का?

ब्राझीलने १९७५ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला आणि तेथील उसाच्या इथेनॉलचा हिशेब सर्वसाधारणपणे चांगला येतो. मात्र साओ पावलो भागातला बहुतेक ऊस पावसावर वाढतो. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा आणि पीक बारा ते अठरा महिन्यांचे. राज्यातील लागवडीखालील क्षेत्राच्या सुमारे ४ टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून बराच जास्त वाटा घेतो, असे अंदाज वारंवार दिले जातात. पंप आणि नत्र यांचा जो बोजा वर मांडला, त्यातला पंपाचा बोजा ब्राझीलच्या शेतकऱ्यावर फारसा नाहीच. दुसऱ्या देशाचा निष्कर्ष त्याच्या पावसासह उचलता येत नाही.

त्याच जमिनीवर सौर पॅनेल लावले तर?

हा प्रश्न अनेकांना अन्यायकारक वाटतो, पण हवामानाच्या हिशेबात तो टाळता येत नाही. एक मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला सुमारे दोन हेक्टर जागा लागते आणि त्यातून वर्षाला सुमारे १५ लाख युनिट वीज मिळते. म्हणजे हेक्टरी साडेसात लाख. वहनातील आणि चार्जिंगमधील गळती धरून ६ लाख युनिट गाडीपर्यंत पोहोचली आणि विजेची मोटार युनिटमागे ६ किलोमीटर धावली, तर ३६ लाख किलोमीटर प्रवास होतो. पेट्रोलवर लिटरला १८ किलोमीटर धावणारी मोटार निव्वळ इथेनॉलवर साधारण १२ किलोमीटर धावेल. ७,००० लिटरवर तो प्रवास ८४,००० किलोमीटर भरतो. फरक चाळीस पटींहून अधिक आहे, कारण उसाचे पान सूर्यप्रकाशापैकी फार थोडा भाग ऊर्जेच्या रूपात साठवते.

यातून पिकाऊ जमिनीवर पॅनेल लावावेत असा अर्थ कोणी काढू नये. पॅनेलला काळी जमीन लागत नाही, पाणी जवळजवळ लागत नाही. ते मुरमाड माळावर किंवा छपरावर चालतात. उसाला मात्र आपल्याकडची उत्तम जमीन आणि दुर्मीळ पाणी लागते. प्रवासी गाड्यांसाठी ते खर्च करावे का, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने गाडीचे ॲव्हरेज कमी होते. मग फायदा कसला?

इथेनॉलमध्ये ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने २० टक्के मिश्रणात एकूण ऊर्जा जवळपास ७ टक्के घटते. त्यासाठी जुळवलेल्या इंजिनात इथेनॉलच्या जास्त ऑक्टेनमुळे काही भरपाई होते. वर दिलेला हिशेब ऊर्जेच्या मापाने केलेला असल्याने ही घट त्यात आधीच धरलेली आहे. लिटरला लिटर अशी तुलना करणारे दावे मात्र तपासून घ्यावेत.

नेपियर गवत लावून बायोगॅस प्रकल्पाला देण्याचा प्रस्ताव आमच्या गावात आला आहे. ते उसापेक्षा चांगले का?

काही बाबतींत होय. गवत बहुवार्षिक असल्याने दरवर्षी नांगरट होत नाही, मुळांमध्ये कार्बन साचतो आणि प्रकल्पातून बाहेर पडणारी रबडी (स्लरी) शेतात परत आणली तर बरेचसे नत्र व पालाश माघारी येते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने कॉम्प्रेस्ड बायोगॅससाठी ‘सतत’ योजना सुरू केल्यापासून अशा प्रस्तावांची संख्या वाढली आहे.

पण बागायती जमिनीत, पाटाचे पाणी आणि भरपूर युरिया देऊन वाढवलेले नेपियर हे हवामानाच्या वहीत उसाचेच भावंड ठरते. बायोगॅसमध्ये एक धोका अधिकचा असतो: गळती. मिथेन शंभर वर्षांच्या मोजणीत सुमारे २७ पट आणि वीस वर्षांच्या मोजणीत सुमारे ८० पट परिणामकारक असल्याने टाक्या, वाहिन्या आणि शुद्धीकरण यंत्रे यांतून थोडे टक्के वायू निसटला तरी फायद्याचा मोठा भाग जातो. करार करण्यापूर्वी दराबरोबरच दोन गोष्टी विचाराव्यात: प्रकल्पातील रबडी शेतापर्यंत परत येणार का, आणि दुष्काळात चारा टंचाई झाली तर गवत जनावरांना देण्याची मुभा राहील का.

मोगली एरंड आणि बांबू यांचे काय झाले?

मोगली एरंडाची (जट्रोफा) झाडे पडीक जमिनीवर पाण्याविना भरपूर बी देतील, अशी २००३ च्या सुमारास मोठी आशा होती आणि डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाची उद्दिष्टे ठरली होती. पाण्याविना झाड जगले, पण बी आले नाही. बांबूची गोष्ट वेगळी आहे. सिंधुदुर्गातला माणगा बांबू वरकस जमिनीवर आणि बांधावर सिंचनाशिवाय वाढतो, जमीन धरून ठेवतो, आणि २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून वनक्षेत्राबाहेरच्या बांबूची तोड व वाहतूक सोपी झाली आहे. तरीही घर, फर्निचर किंवा मांडव यांत वापरलेला बांबू आपला कार्बन वर्षानुवर्षे धरून ठेवतो, तर जाळलेला लगेच सोडतो. त्यामुळे आधी वस्तू आणि तुकडे-भुसा उरला तर इंधन, हा क्रम योग्य वाटतो.

हवामान बदलत असताना उसावर ऊर्जेची भिस्त ठेवता येईल का?

ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातला ऊस वाढीच्या ऐन काळात ताणला गेला आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने रसापासून व पाकापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवडाभराने १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत ती सैल केली. मध्यंतरी ज्या कारखान्यांनी आसवन्यांसाठी कर्ज काढले होते त्यांची यंत्रे थांबली. पेट्रोलला पर्याय म्हणून उभे केलेले इंधन एका पावसाळ्याच्या ओढीने अडते, आणि अशी ओढ यापुढे पुनःपुन्हा येऊ शकते; हे धोरण ठरवताना विसरून चालणार नाही. बगॅसलाही हेच लागू आहे, फक्त तेथे उद्दिष्ट तुलनेने लहान असल्याने धक्का कमी बसतो.

ऊस तर आम्ही लावणारच आहोत. हा हिशेब सुधारण्यासाठी शेतकऱ्याच्या हातात काय आहे?

बरेच काही आहे, आणि त्यातले बहुतेक पैशाच्या हिशेबातही बसते. ठिबकमुळे पाणी ४० टक्क्यांच्या आसपास वाचते आणि त्या प्रमाणात पंपाची वीज वाचते. पंप सौर असेल तर ती रक्कम जवळजवळ पुसली जाते, मात्र फुकट विजेने जास्त उपसा होऊन भूजल खाली जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. ठिबकमधून खत थोडे थोडे दिल्यास नत्राचा अपव्यय घटतो. मोकाट पाणी सोडलेल्या, भरून राहिलेल्या सरीत युरिया फेकणे हा नायट्रस ऑक्साइड तयार करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

पाचट न पेटवणे ही त्याहून सोपी सुरुवात आहे. तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबावे, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाकून पाणी द्यावे, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. पाचटाच्या आच्छादनाने ओल टिकते, तण कमी होते आणि खोडव्याच्या पाण्याच्या पाळ्या लांबतात. त्या आच्छादनात खत वरून फेकता येत नाही, म्हणून पहारीने बुडख्याच्या बाजूला सहा-सात इंच खोल छिद्र घेऊन त्यात खत देण्याची पद्धत आहे. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत एका बाजूला आणि दुसरा साधारण साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूला. मजुरी थोडी वाढते, पण खत मातीआड राहते आणि त्यातले नत्र उडून न जाता पिकाच्या मुळांना मिळते.